उघडण्याचा अधिकार

कोठाराचे दार मोजदादीसाठी उघडणे निराळे आणि आतले धान्य उपसण्यासाठी उघडणे निराळे. हा भेद संगणकाच्या जगात कसा रुजला, ते आज पाहू.

१९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन व डेनिस रिची यांनी युनिक्स या कार्यप्रणालीचा पाया घातला. जुलै १९७४ च्या आपल्या निबंधात त्यांनी तिचे एक वैशिष्ट्य सांगितले. डिस्क असो वा फीत, प्रत्येक उपकरण म्हणजे एक फाईलच. त्यामुळे फाईलचे नाव मागणाऱ्या कार्यक्रमाला उपकरणाचे नावही देता येते. आणि फाईलवर जो पहारा, तोच उपकरणावर. फाईल उघडतानाच वाचायचे, लिहायचे की दोन्ही, हे सांगावे लागते. परवानगीची तपासणी होते ती त्याच क्षणी.

या समदृष्टीत एक धोकाही होता. संपूर्ण डिस्कच फाईल म्हणून लिहिण्यासाठी उघडली, तर तिच्यावरील कागदपत्रांची मांडणी बाजूलाच राहते. २००५ साली येन्स आक्सबो यांनी डिस्कचा वेग मोजणारा 'एफ-आय-ओ' हा कार्यक्रम रचला. त्याला फाईल देता येते, तशी अख्खी डिस्कही देता येते. लिहिण्याचा वेग मोजायचा म्हणजे खरोखरच लिहायचे. मग त्या जागी पूर्वी असलेला मजकूर नष्ट होतो.

येथे जुना पहारा अपुरा पडतो. डिस्कला थेट हात घालण्यासाठी परीक्षक बहुधा सर्वाधिकारी होऊन बसतो, आणि सर्वाधिकाऱ्याला परवानग्यांचा अडसर नसतो. म्हणून निराळे अडसर घालावे लागले. लिनक्सच्या २.६ या आवृत्तीपासून, म्हणजे २००३ च्या अखेरीपासून, कार्यक्रमाने डिस्क एकट्यासाठी मागितली आणि ती वापरात असली, तर नकार मिळतो. एफ-आय-ओमध्ये 'केवळ वाचन' असा पर्याय आहे; शिवाय जोडलेल्या, चालू डिस्कवर लिहिण्याची चाचणी तो मुद्दाम मुभा दिल्याखेरीज करीत नाही. २०२४ साली लिनक्सच्या ६.८ या आवृत्तीत अशा डिस्कवर थेट लिहिणे मुळातच बंद ठेवण्याची सोय झाली.

तरीही एक फट उरतेच. न जोडलेल्या डिस्कवर कोणाचे वर्षभराचे हिशेब असले, तरी हे अडसर तिला वाचवू शकत नाहीत. "तू कोण?" हे यंत्र विचारते, "हीच डिस्क ना?" हे मात्र माणसाने स्वतःलाच विचारावयाचे असते. मोजणाऱ्याने आधी वाचण्यापुरतेच दार उघडावे, नाव दोनदा पडताळावे आणि मगच लेखणी उचलावी.