रंगमंचाविना इझोल्ड

कलावंताच्या कारकिर्दीचा हिशेब आपण बहुधा त्याने काय काय केले यावरून मांडतो. किती भूमिका, किती मैफली, किती सन्मान, ही आपली मोजमापे. परंतु काही कलावंतांनी काय नाकारले, हे पाहिल्याखेरीज त्यांनी काय साधले हे उमगत नाही. वेल्समधील सोप्रानो गायिका मार्गारेट प्राइस आणि वाद्यवृंदसंचालक कार्लोस क्लायबर यांची गणना आम्ही अशा कलावंतांत करतो. रिचर्ड वाग्नरच्या ‘ट्रिस्टान आणि इझोल्ड’ या ऑपेराच्या १९८० ते १९८२ या काळातील ध्वनिमुद्रणात हे दोघे एकत्र आले. त्यातील नायिकेची भूमिका प्राइस यांनी रंगमंचावर एकदाही केली नाही, आणि या कामानंतर क्लायबर यांनी स्टुडिओतील ध्वनिमुद्रण कायमचे सोडले. हे दोन्ही नकार दुबळेपणाचे होते की शहाणपणाचे, हा या लेखाचा प्रश्न आहे.

आपल्या संगीत नाटकात पद सुरू झाले की लयीची सूत्रे गायकनटाच्या हाती असतात. ऑर्गन आणि तबला त्याच्या मागून चालतात, आणि श्रोत्यांनी ‘वन्समोअर’चा पुकारा केला की पद नव्याने रंगते. ऑपेरात मात्र स्वरन् स्वर लिहिलेला असतो. रंगमंचापुढील खळग्यात बसलेल्या पाऊणशे-शंभर वादकांना आणि वर उभ्या असलेल्या गायकांना एकच माणूस हातातील छडीने बांधून ठेवतो. गायिकेने श्वास कोठे घ्यावा, किती थांबावे, हेदेखील पुष्कळदा त्याच्या मनगटावर अवलंबून असते. म्हणून गायिकेची कारकीर्द सांगताना तिला लाभलेल्या संचालकांची कथाही सांगावी लागते.

मार्गारेट प्राइस यांचा जन्म १३ एप्रिल १९४१ रोजी दक्षिण वेल्समधील ब्लॅकवुड येथे, कोळशाच्या खाणींच्या मुलखात झाला. जन्मतः पायांत व्यंग होते. चौथ्या वर्षी शस्त्रक्रिया झाली, तरी पायांचे दुखणे जन्मभर सोबतीला राहिले. वडील उत्तम पियानो वाजवीत, पण मुलीने संगीतावर पोट भरावे हे त्यांना पसंत नव्हते. तिचा स्वतःचा विचारही जीवशास्त्राची शिक्षिका होण्याचा होता. पंधराव्या वर्षी शाळेतील संगीतशिक्षकाच्या खटपटीने तिचे गाणे चार्ल्स केनेडी स्कॉट यांच्या कानी पडले, आणि लंडनच्या ट्रिनिटी संगीत महाविद्यालयाची शिष्यवृत्ती मिळाली. पुढे काही काळ तिने एका गायकवृंदात इतरांच्या स्वरात स्वर मिसळून गाण्याचे काम केले.

१९६२ मध्ये वेल्श नॅशनल ऑपेराने तिला मोझार्टच्या ‘फिगारोचे लग्न’ मध्ये केरुबिनोची भूमिका दिली. केरुबिनो हा कोवळा पोरगा, आणि त्याचे काम परंपरेने स्त्री करते. बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिकांच्या आठवणी घरोघर ऐकलेल्या आपल्या वाचकांना या उलट्या रीतीचे कौतुक वाटेल. पुढच्याच वर्षी लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये तेरेसा बेर्गान्सा ही ख्यातनाम गायिका ऐनवेळी गाऊ शकली नाही, आणि बदली म्हणून नेमलेली ही बावीस वर्षांची मुलगी त्याच भूमिकेत उभी राहिली. नाव झाले, पण मोठ्या भूमिका लगेच आल्या नाहीत. तेथील संगीतप्रमुख जॉर्ज शोल्टी यांना तिच्यात फारसे काही दिसले नव्हते. मदतीला आले ते जेम्स लॉकहार्ट. ते संचालक होते आणि पियानोची साथही करीत. त्यांच्या मार्गदर्शनाखाली तिचा मध्यम पट्टीतला आवाज चढत जाऊन सोप्रानो झाला.

खरी पारख केली ती ओटो क्लेम्पेरर या वृद्ध संचालकाने. १९७० च्या ‘फिगारो’च्या ध्वनिमुद्रणात त्यांनी तिला बार्बारिनाची चिमुकली भूमिका दिली होती. १९७१ मध्ये, वयाच्या ८५ व्या वर्षी, ‘कोसी फान तुत्ते’ मुद्रित करताना त्यांनी फिओर्दिलीजी ही प्रमुख आणि अवघड भूमिका तिच्या हवाली केली. त्याच वर्षी ती जर्मनीत कोलोनला गेली, पुढे म्युनिकला स्थिरावली, आणि १९९९ मधील निवृत्तीपर्यंत म्युनिक हेच तिच्या कारकिर्दीचे माहेरघर राहिले. १९७६ मध्ये पॅरिस ऑपेराच्या अमेरिका दौऱ्यात तिने वेर्दीच्या ‘ओथेल्लो’तील डेस्डेमोना गाजवली. त्या वेळी छडी होती शोल्टी यांच्याच हाती, आणि पुढच्या वर्षी त्या ऑपेराच्या ध्वनिमुद्रणासाठीही त्यांनी तिलाच घेतले. ज्याने प्रथम दुर्लक्ष केले त्यानेच पुढे मान द्यावा, हे भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येते.

आता क्लायबर. त्यांचा जन्म ३ जुलै १९३० चा, बर्लिनचा. मूळ नाव कार्ल. वडील एरिक क्लायबर हे बर्लिनच्या शासकीय ऑपेराचे नामांकित संचालक. नाझी राजवटीने नव्या संगीताची गळचेपी आरंभली तेव्हा १९३४ च्या अखेरीस त्यांनी राजीनामा दिला. कुटुंब पुढे अर्जेंटिनात गेले आणि तेथे कार्लचा कार्लोस झाला. या वडिलांनाही मुलाने संगीतात पडणे मान्य नव्हते. मुलाला झुरिकला रसायनशास्त्र शिकायला धाडले, पण ते फार काळ टिकले नाही. पहिला प्रयोग पोट्सडॅम येथे कार्ल केलर या टोपणनावाने झाला. वडिलांच्या नावाचे ओझे आणि त्याच नावाचा धाक, दोन्ही त्यात दिसतात.

ड्युसेलडॉर्फ, झुरिक, स्टुटगार्ट अशा नोकऱ्या केल्यानंतर १९७३ पासून क्लायबर यांनी कोठेही कायम पद स्वीकारले नाही. कार्यक्रम थोडे, तालमी मात्र इतरांहून कितीतरी अधिक. मनासारखे होत नाही असे दिसले की ते निघून जात. स्टुडिओत त्यांनी पूर्ण ऑपेरा मुद्रित केले ते अवघे चार. कारायान यांच्यानंतर बर्लिन फिलहार्मोनिकचे प्रमुखपद १९८९ मध्ये त्यांच्यापुढे आले, तेही त्यांनी नाकारले.

या दोघांना एकत्र आणणारी कृतीही साधी नव्हती. ‘ट्रिस्टान’चा पहिला प्रयोग १० जून १८६५ रोजी म्युनिकला झाला. पहिला ट्रिस्टान, लुडविग श्नोर फोन कारोल्सफेल्ड, काही आठवड्यांतच वयाच्या २९ व्या वर्षी मरण पावला. १९११ मध्ये फेलिक्स मोट्ल हे संचालक म्युनिकलाच या ऑपेराच्या प्रयोगात कोसळले आणि काही दिवसांत वारले. १९६८ मध्ये योसेफ काइलबेर्ट यांचे त्याच शहरात, हाच ऑपेरा चालवीत असताना निधन झाले. योगायोग म्हणून हे सोडून देता येईल, परंतु चार तासांच्या या संगीताचा ताण खरा आहे. पहिल्या दोन अंकांत इझोल्डला फारशी विश्रांती नाही, आणि शेवटी सर्व थकल्यावर मृत्यूपूर्वीचे ते प्रदीर्घ गान उरते. तेही ध्वनिवर्धकाविना, प्रचंड वाद्यवृंदाच्या लाटेवरून. मोझार्ट आणि वेर्दीवर घडलेला प्राइस यांचा आवाज या लाटेत झिजला असता, आणि हे त्यांना पक्के ठाऊक होते.

१९८० मध्ये ड्रेस्डेनच्या लुकास चर्चमध्ये काम सुरू झाले. तेव्हा ते शहर पूर्व जर्मनीत होते. ट्रिस्टान झाले रेने कोलो. काम रखडले, संचालक आणि गायक यांच्यात बेबनाव झाला, क्लायबर उठून गेले. अखेर हाती असलेल्या फितींतून संच जुळवला गेला आणि १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला.

ही ध्वनिक्षेपकाने घडवलेली इझोल्ड आहे, रंगभूमीची नव्हे, असा आक्षेप घेता येईल, आणि तो अगदीच पोकळ नाही. नाट्यगृहात जे पणाला लागते ते येथे लागलेले नाही. पण आम्ही जेव्हा हा संच ऐकतो तेव्हा जाणवते ते असे की इतर ठिकाणी धीरगंभीर सम्राज्ञी वाटणारी इझोल्ड येथे अपमानाने पोळलेली तरुण राजकन्या आहे. शब्द स्वच्छ कळतात, स्वर ओरडत नाही. आणि क्लायबर यांचा वाद्यवृंद तिला बुडवीत नाही. तो तिच्या श्वासाखाली पाण्यासारखा उचलत राहतो. अंतिम गान संपते तेव्हा ती थकून गेलेली नसते, विरघळून गेलेली असते. हे रंगमंचावर तिला साधले नसते, आणि तिने तो मोह धरला असता तर कदाचित पुढची सतरा वर्षे गाणेही साधले नसते.

१९९३ मध्ये प्राइस यांना ‘डेम’ हा किताब मिळाला. निवृत्तीनंतर त्या वेल्सला परतल्या, समुद्रकाठी कुत्री पाळून राहिल्या, आणि २८ जानेवारी २०११ रोजी तेथेच निवर्तल्या. क्लायबर १३ जुलै २००४ रोजी स्लोव्हेनियातील कोन्यशित्सा या खेड्यात गेले. पत्नीच्या देशात, तिच्याच शेजारी त्यांना पुरले आहे. एक आपल्या जन्मभूमीकडे वळली. दुसऱ्याला, बर्लिन आणि ब्वेनोस आयरेसनंतर, सोबतीने दिलेली भूमी पुरली.

बालगंधर्वांना रंगमंचावर कधीही न पाहता केवळ ध्वनिमुद्रिकांवर त्यांची भक्ती करणाऱ्या आपल्या घरांना, न पाहिलेल्या कलावंताचा आवाज किती खरा असू शकतो हे वेगळे सांगायला नको. प्राइस यांची इझोल्ड तर कोणीच पाहिली नाही. ती फक्त ऐकण्यासाठीच आहे. आपल्या शक्तीची सीमा ओळखून तिच्या आत पूर्णत्व शोधणाऱ्या नकाराला आम्ही दुबळेपण म्हणणार नाही.