मँगोस्टीनची परसबागेतील लागवड

मँगोस्टीन हे आग्नेय आशियातील सदाहरित फळझाड आहे. त्याचे शास्त्रीय नाव गार्सिनिया मँगोस्ताना असून ते क्लुसिएसी कुळातील आहे. कोकणातील कोकम, म्हणजेच रातांबा, याच प्रजातीतील आहे. जाड जांभळ्या सालीच्या आत पांढरा, रसाळ व गोड-आंबट गर असलेल्या या फळाला चवीमुळे ‘फळांची राणी’ म्हटले जाते. हे झाड दुर्मीळ राहण्यास त्याचे अल्पायुषी बी, अतिशय मंद वाढ आणि दमट उष्ण हवामानाची गरज ही तीन मुख्य कारणे आहेत. त्यामुळे परसबागेतील लागवडीचे यश पुढील निगेइतकेच ताजे बी किंवा खात्रीचे रोप मिळण्यावर अवलंबून असते.

नाव व उगम

गार्सिनिया हे प्रजातिनाम अठराव्या शतकातील निसर्गअभ्यासक लोराँ गार्सँ यांच्या स्मरणार्थ देण्यात आले. कार्ल लिनियसने १७५३ साली या जातीला सध्याचे शास्त्रीय नाव दिले. मँगोस्टीन हे नाव मलाय भाषेतील शब्दावरून युरोपीय भाषांत आले. झाडाचे मूळ स्थान मलाय द्वीपकल्प व लगतची बेटे मानले जाते. ही जात प्रामुख्याने लागवडीखालीच आढळते. थायलंड, मलेशिया व इंडोनेशिया हे तिचे प्रमुख उत्पादक देश आहेत.

झाड व फळ

पूर्ण वाढलेले झाड साधारण ६ ते २५ मीटर उंच होते. त्याचा आकार शंकूसारखा असतो आणि पाने जाड, चकचकीत व समोरासमोर येतात. झाडाच्या सर्व भागांत पिवळा चिकट चीक असतो. फळ ४ ते ७ सेंटिमीटर व्यासाचे असते व त्यात गराच्या साधारण ४ ते ८ पाकळ्या असतात. फळाच्या तळाशी फुलासारखी नक्षी दिसते. ही नक्षी म्हणजे वाळलेले कुक्षी असून तिच्या पाळ्यांची संख्या आतील गराच्या पाकळ्यांइतकी असते. त्यामुळे फळ न फोडताही पाकळ्या मोजता येतात. बहुतेक पाकळ्यांत बी नसते. एक-दोन मोठ्या पाकळ्यांतच पूर्ण वाढलेले बी सापडते. सालीच्या रसाचे डाग कपड्यांवरून सहज निघत नाहीत.

बियांचे वैशिष्ट्य

मँगोस्टीनच्या फुलांत पुंकेसर असले तरी ते वांझ असतात. परागीकरण न होताच फळ धरते, आणि बियातील गर्भ मातृवृक्षाच्याच पेशींपासून तयार होतो. या प्रक्रियेला अपोमिक्सिस म्हणतात. परिणामी बियापासून वाढलेले रोप जवळजवळ मातृवृक्षासारखेच निघते. आंबा, फणस किंवा चिकूच्या रोपांत आढळते तशी फळाच्या गुणांतील मोठी तफावत येथे सहसा दिसत नाही. एकच झाड लावूनही फळे मिळतात, परागीकरणासाठी दुसऱ्या झाडाची गरज नसते.

मात्र हे बी साठवता येत नाही. धान्याचे बी वाळवल्यावर टिकते. मँगोस्टीनचे बी वाळले की मरते. फळातून काढून उघड्यावर ठेवलेल्या बियांची उगवणक्षमता काही दिवसांतच झपाट्याने घटते. बी फळातच राहू दिले किंवा ओलसर शेवाळ, कोकोपीट अथवा कोळशाच्या भुकटीत गुंडाळून ठेवले, तर ते साधारण ३ ते ५ आठवडे जिवंत राहू शकते. शीतकपाटातील थंडीही त्याला मानवत नाही. या कारणांमुळे लांबच्या देशांत या झाडाचा प्रसार शतकानुशतके रखडला.

बी व रोपे मिळवणे

बियापासून रोप करायचे असल्यास हंगामातील पूर्ण पिकलेली व ताजी फळे बागेतून थेट मिळवणे सर्वांत विश्वसनीय ठरते. बाजारातील आयात फळे अनेक दिवस थंड वातावरणात राहिलेली असतात. शिवाय काही देशांत निर्यातीपूर्वी फळमाशीच्या नियंत्रणासाठी फळांवर विकिरण प्रक्रिया केली जाते. अशा फळांतील बी उगवेलच असे नाही. पाकिटात भरून विकले जाणारे कोरडे बी जवळजवळ नेहमीच निरुपयोगी असते.

पेरणीसाठी मोठे व भरीव बी निवडतात. लहान बियांपासून आलेली रोपे अशक्त राहतात व त्यांची मरही अधिक असते. बियाला चिकटलेला गर धुऊन काढतात, कारण त्यावर बुरशी वाढते. धुतलेले बी न वाळवता त्याच दिवशी पेरणे इष्ट असते.

रोप विकत घेताना जातीची खात्री करणे आवश्यक असते. ‘मँगोस्टीन’ हे नाव व्यापारात गार्सिनिया प्रजातीतील इतर झाडांनाही दिले जाते. पिवळ्या आंबट फळांची झारंबी आणि मध्य अमेरिकेतील ‘लेमन ड्रॉप मँगोस्टीन’ ही त्याची उदाहरणे होत. ही झाडे निकृष्ट नाहीत, पण त्यांची फळे वेगळी असतात. चूक फळ धरेपर्यंत लक्षात येत नसल्याने अनेक वर्षांचे श्रम वाया जाऊ शकतात. म्हणून रोपवाटिकेकडून शास्त्रीय नाव, रोपाचे वय आणि ते बियाचे आहे की कलमी, याची विचारणा केली जाते. शक्य असल्यास फळ देणारा मातृवृक्ष पाहणे अधिक चांगले. मँगोस्टीनच्या झाडांत जनुकीय भिन्नता अल्प असल्याने, निरनिराळ्या ‘जाती’ म्हणून चढ्या दराने विकल्या जाणाऱ्या रोपांबाबत सावधगिरी आवश्यक असते.

परदेशातून बी किंवा रोपे आणण्यावर भारतात कायदेशीर निर्बंध आहेत. वनस्पती संगरोध (भारतात आयातीचे विनियमन) आदेश, २००३ नुसार लागवडीच्या साहित्यासाठी आयात परवाना व निर्यातदार देशाचे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते. रोपांसोबत व मातीसोबत परकीय कीड व रोग देशात येऊ नयेत, हा या नियमांचा उद्देश आहे.

रोपांची निगा

ताजे बी साधारण ३ ते ६ आठवड्यांत उगवते. उगवणीनंतरची वाढ अतिशय मंद असते. दोन वर्षांचे रोप अनेकदा फुटभरच उंच असते. रोपाला लांब व नाजूक सोटमूळ असते, बाजूची मुळे कमी असतात आणि त्यांवर मूलरोम जवळजवळ नसतात. त्यामुळे पाणी व अन्नद्रव्ये शोषण्याची क्षमता मर्यादित राहते आणि सोटमूळ दुखावल्यास रोप दगावते. रोपांसाठी उथळ कुंडीऐवजी खोल पिशवी वापरतात व स्थलांतर करताना मुळांभोवतीचा मातीचा गड्डा फुटू देत नाहीत. रोप ६० सेंटिमीटरपेक्षा उंच झाल्यावर त्याचे स्थलांतर धोक्याचे ठरते.

पहिली २ ते ४ वर्षे सावली आवश्यक असते. थेट उन्हात कोवळी पाने करपतात. माती खोल, सेंद्रिय पदार्थांनी युक्त, ओलावा धरणारी पण पाण्याचा निचरा होणारी असावी लागते. बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे आच्छादन केल्यास ओल टिकते. कुंडीत झाड जगते, परंतु लहान कुंडीत फळधारणेची शक्यता कमी असते.

हवामान

मँगोस्टीनला वर्षभर उबदार व दमट हवा लागते. सुमारे ५ अंश सेल्सियसखालील तापमानात झाड मरते. लहान रोपे त्याहून थोड्या अधिक तापमानातही दगावतात. सुमारे ३८ अंशांवरील उष्णताही हानिकारक असते. वार्षिक पाऊस किमान १२७० मिलिमीटर असावा व कोरडा काळ लांबू नये, अशी त्याची गरज आहे.

या निकषांनुसार महाराष्ट्राच्या पठारी भागातील कोरडा उन्हाळा या झाडास प्रतिकूल आहे. कोकण व गोव्यात पाऊस भरपूर असला तरी तो मुख्यत्वे जून ते सप्टेंबर या काळात पडतो. त्यामुळे उन्हाळ्यात नियमित पाणी देणे अपरिहार्य ठरते. नारळ-सुपारीच्या बागायतीत किंवा गोव्यातील कुळागरात मिळणारी विरळ सावली, गारवा आणि वाऱ्यापासूनचा आडोसा रोपांना उपयुक्त असतो.

भारतात निलगिरीच्या पायथ्याजवळील कल्लार व बुर्लियार येथील शासकीय फळबागांत मँगोस्टीनची जुनी झाडे आहेत. केरळमध्ये, विशेषतः त्रिशूर जिल्ह्यात चालकुडीजवळील परियारम परिसरात, घराभोवतीच्या बागांतून त्याची लागवड होते.

कलमे

बियाच्या झाडाला फळ धरण्यास साधारण ७ ते १५ वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. हा काळ कमी करण्यासाठी कलमे केली जातात. मँगोस्टीनच्याच रोपाच्या खुंटावर केलेले कलम सर्वाधिक यशस्वी होते. गार्सिनिया प्रजातीतील इतर खुंटांचे जोड अनेकदा टिकत नाहीत. कलमी झाड लवकर फळते व आकाराने लहान राहते, पण उत्पादनही कमी देते. आडव्या फांदीची कलमकाडी वापरल्यास झाड सरळ न वाढता पसरते, म्हणून सरळ वाढणाऱ्या शेंड्याची काडी निवडतात.

कोकमशी तुलना

एकाच प्रजातीतील असूनही कोकम व मँगोस्टीन यांची रोपे निवडण्याचे निकष वेगळे आहेत. कोकमात नर व मादी झाडे सामान्यतः स्वतंत्र असतात. बियापासून वाढवलेल्या कोकमांपैकी सुमारे निम्मी झाडे नर निघतात व हे फुलोऱ्यापर्यंत कळत नाही. म्हणून कोकमासाठी मादी झाडाचे मृदुकाष्ठ कलम घेणे योग्य ठरते. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण अमृता’ व ‘कोकण हातीस’ या कोकमाच्या जाती प्रसारित केल्या आहेत. मँगोस्टीनमध्ये मात्र ताज्या बियाचे रोपही फळ देणारेच असते. तेथे कलमाचा लाभ केवळ वेळेचा असतो.

काढणी व फळांतील दोष

फळ हिरवट अवस्थेतून गुलाबी ठिपके, लालसर आणि शेवटी गडद जांभळा असे रंग बदलते. फळे हाताने किंवा झेल्याने अलगद काढतात. जमिनीवर पडलेल्या फळाची साल मार बसलेल्या जागी कडक होते व ते फोडणे अवघड जाते. पिवळा चीक गरात उतरल्यास गर कडवट लागतो. फळ पक्व होताना अतिवृष्टी झाल्यास गर पांढऱ्याऐवजी अर्धपारदर्शक व करकरीत होतो. ताजे फळ दाबल्यावर साल किंचित दबते. दगडासारखी घट्ट साल हे जुन्या फळाचे लक्षण आहे.

उष्णकटिबंधाबाहेर

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील काचगृहांत मँगोस्टीन वाढवण्याचे प्रयत्न झाले. लंडनजवळील सायन हाऊस येथे नॉर्थंबरलंडच्या ड्यूकच्या काचगृहात १८५५ साली या झाडाला फळे धरली. ताजे फळ आणून देणाऱ्यास राणी व्हिक्टोरियाने बक्षीस देऊ केले होते, अशी आख्यायिका प्रचलित आहे. तिला समकालीन पुरावा नाही. फळमाशीच्या भीतीमुळे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आशियातील ताज्या मँगोस्टीनच्या आयातीवर दीर्घकाळ बंदी होती. विकिरण प्रक्रियेच्या अटीवर थायलंडमधील फळांना तेथे २००७ साली परवानगी मिळाली.