शेवटचा हात कोणाचा?



आमच्या दापोडीस पवना नदी मुळेला मिळते. संगमाच्या वर दोन नद्या, दोन नांवें, दोन खोरीं. संगमाखालीं मात्र पाणी दोहोंचें आणि नांव एकट्या मुळेचें. पवना कांहीं आटलेली नसते, पण तेथून पुढें तिचें नांव कोणी घेत नाहीं. हेंच पाणी पुढें पुण्यांत मुठेला मिळतें, आणि तेथें लोकांनीं निराळा निवाडा केला आहे. त्या संगमाखालीं नदीला मुळा-मुठा असें जोडनांव मिळालें. दोन प्रवाह एका पात्रांत आले म्हणजे एकाचें नांव पुसावयाचें कीं दोहोंचें राखावयाचें? मला आज ज्या विषयावर बोलावयाचें आहे तो वरवर पाहतां या नद्यांपासून फार दूरचा, किंबहुना पोरखेळ वाटेल. संगणकावरील खेळांत बाहेरून ज्या जोडण्या घालतात, ज्यांना मुलें ‘मॉड’ म्हणतात, त्या कोणत्या क्रमानें लावाव्या आणि त्यांचा आपसांत तंटा झाला तर तो कसा मिटवावा, हा तो विषय.

माझें इकडे लक्ष गेलें तें घरांतील एका प्रसंगामुळें. माझा नातू नववींत आहे. सुटीच्या दिवशीं, आणि खरें सांगावयाचें तर इतर दिवशींहि, तो एक मोठा खेळ खेळतो. त्यांत डोंगर, गांवें, बाजार असें एक अवघें राज्य आहे. त्या राज्यांत त्यानें सात महिने घालविले होते आणि साठ-सत्तर मॉड जोडले होते. एके दिवशीं त्यानें एक नवा मॉड आणून यादीच्या तळाशीं ठेवला, आणि त्याच्या आवडत्या गांवाची दुर्दशा झाली. वाण्याचें दुकान अधांतरीं लोंबकळूं लागलें, एक घर अर्धें जमिनींत गाडलें गेलें, आणि गांवकरी भिंतीवर आपटत जागच्या जागीं चालत राहिले. पोराचा संताप अनावर झाला. तो मॉड करणाऱ्या परक्या देशांतील अपरिचित माणसास त्यानें चार कठोर ओळी लिहून पाठविल्या, आणि रागाच्या भरांत चालू खेळांतूनच तो मॉड उपटून काढला. दुसऱ्या दिवशीं जतन केलेला खेळ उघडेना. तो माझ्यापाशीं येऊन म्हणाला, “आजोबा, त्या माणसानें माझे सात महिने बुडविले.” मीं विचारलें, “अरे, दोष त्याचाच हें तूं कशावरून ठरविलेंस?” त्याला उत्तर देतां येईना. तें उत्तर शोधण्यांत आम्हां दोघांचा एक पंधरवडा गेला. त्यांतून मला जें समजलें तें आपणांपुढें मांडतों.

या जोडण्यांचा इतिहास फार लांबचा नाहीं. सन १९९२ मध्यें ‘वुल्फेन्स्टाइन ३डी’ हा खेळ निघाला, तेव्हां हौशी खेळाडूंनीं त्यांत आपापले फेरफार केले. पण त्यासाठीं मूळ फाइलीवरच नवी फाइल लिहावी लागे. पोथीवरील अक्षर खरवडून त्याच जागीं आपलें अक्षर लिहावें, तसाच हा प्रकार. मूळ गेलें तें गेलें. आयडी सॉफ्टवेअर या अमेरिकन कंपनीनें १० डिसेंबर १९९३ रोजीं ‘डूम’ हा पुढचा खेळ प्रसिद्ध केला, तेव्हां तिच्या जॉन कारमॅक या कुशल कारागिरानें खेळ चालविणारें यंत्र आणि खेळांतील चित्रें, नकाशे, आवाज ही सामग्री यांची स्पष्ट फारकत केली. सामग्री ‘वॅड’ नांवाच्या फाइलींत राहिली. खेळाडूनें आपली निराळी वॅड करावी व ती मूळ वॅडच्या मागून चढवावी; मुळाला धक्का लागत नसे. यंत्राला एखादें चित्र हवें असलें म्हणजे तें त्याचा शोध शेवटीं चढविलेल्या फाइलीपासून उलट दिशेनें घेई, आणि त्या नांवाचें जें पहिलें सांपडेल तें स्वीकारी. १९९७ सालीं या खेळाची मूळ संहिता सर्वांस खुली झाली. हा नियम आजहि तिच्यांत वाचावयास मिळतो. ‘शेवटीं आला तो जिंकला’ हा सर्व मॉडशास्त्राचा पाया तेथें घातला गेला.

पुढें या हौसेला मोठें रूप आलें. ‘हाफ-लाइफ’ या १९९८ सालच्या खेळावर दोन तरुणांनीं १९९९ मध्यें ‘काउंटर-स्ट्राइक’ नांवाचा मॉड रचला, आणि पुढच्याच वर्षीं मूळ कंपनीनें तो स्वतंत्र खेळ म्हणून प्रसिद्ध केला. पण क्रमाचा प्रश्न खऱ्या अर्थानें बिकट झाला तो बेथेस्डा या कंपनीच्या ‘मॉरोविंड’ या २००२ सालच्या खेळापासून. या कंपनीनें खेळाबरोबरच तो घडविण्याचीं हत्यारेंहि लोकांच्या हातीं दिलीं. मग एकाच खेळांत दहा, वीस, शंभर अनोळखी माणसांच्या कृति एकत्र नांदूं लागल्या. गंमत अशी कीं, मॉरोविंड आणि त्याच्या मागून २००६ सालीं आलेला ‘ऑब्लिव्हियन’ या दोन्ही खेळांत मॉडचा क्रम ठरे तो फाइलीवरील तारखेवरून. जिची तारीख अलीकडची ती मागून चढे आणि तिचा शब्द शेवटचा ठरे. क्रम बदलावयाचा तर तारीखच बदलावी लागे. पुढें ‘स्कायरिम’च्या काळांत, म्हणजे २०११ नंतर, हा क्रम साध्या यादींत लिहून ठेवण्याची सोय झाली. यादींत वरचा आधीं चढतो आणि तळचा जिंकतो.

आतां तंटा नेमका कशाचा होतो, तें एका उदाहरणानें पाहूं. खेळांतील प्रत्येक वस्तूची एक नोंद असते. तलवारीच्या नोंदींत तिचें वजन, किंमत, धार, रूप असे रकाने असतात. समजा, एका मॉडनें तलवारीची किंमत वाढविली आणि दुसऱ्यानें तिचें वजन कमी केलें. आपल्याला वाटेल, यांत विरोध तो काय? पण यंत्र रकाने वेगळे पाहत नाहीं. तें शेवटच्या मॉडमधील अख्खी नोंद उचलतें. दुसऱ्या मॉडच्या नोंदींत किंमत मूळचीच असते, म्हणून पहिल्याचें काम एका अक्षराचाहि गाजावाजा न होतां पुसलें जातें. दुसऱ्या कारागिराच्या मनांत पहिल्याचें नुकसान करण्याचा विचारहि नसतो. बहुधा पहिला कोण हेंहि त्याला ठाऊक नसतें. पवनेचें नांव पुसावें असें मुळेच्या मनांत कोठें होतें?

दुसरा तंटा क्रमांकांचा. ऑब्लिव्हियन, स्कायरिम यांसारख्या खेळांत प्रत्येक नोंदीला आठ अंकी क्रमांक असतो, आणि त्यांतील पहिले दोन अंक ती कोणत्या फाइलीची हें सांगतात. हे अंक सोळाच्या पायावरचे, म्हणून दोन अंकांत २५६ जागा होतात. त्यांपैकीं शेवटची जागा खेळतां खेळतां जन्मणाऱ्या वस्तूंसाठीं राखलेली. उरल्या २५५, आणि त्यांत मूळ खेळहि आला. त्यापलीकडे मॉड चढविणें अशक्य होतें. पुढें लहान मॉडना एकाच जागेंत दाटीवाटीनें बसविण्याची युक्ति निघाली. ‘माइनक्राफ्ट’ या खेळांत तर दोन मॉडकर्ते आपापल्या नव्या दगडाला एकच क्रमांक देत, आणि मग एकाच घरक्रमांकाचीं दोन घरें असलेल्या आळींत टपालवाल्याची जी गत होईल ती खेळाची होई.

या गोंधळांतून वाट काढण्याचें कामहि हौशी माणसांनींच केलें. ‘बॉस’ नांवाच्या साधनांत अनुभवी मंडळींनीं हातानें तयार केलेली क्रमाची यादी होती. त्यामागून ‘लूट’ आलें. नांव ऐकून दचकूं नये, तें इंग्रजी आद्याक्षरांचें आहे. हें साधन कोणता मॉड कोणावर अवलंबून आहे हें पाहून क्रम स्वतः काढतें. त्यामागचें गणित खेळांहून पुष्कळ जुनें. एक काम दुसऱ्याच्या आधीं झालेंच पाहिजे अशा अनेक अटी असतां सर्वांचा एक सरळ क्रम कसा लावावा, याची एक सुबक रीति आर्थर कान यांनीं १९६२ सालीं प्रसिद्ध केली. भिंतीआधीं पाया आणि छपराआधीं भिंत, हा तो हिशेब. पण पहिला म्हणतो मी दुसऱ्यामागून, दुसरा म्हणतो मी तिसऱ्यामागून आणि तिसरा म्हणतो मी पहिल्यामागून, असें चक्र पडलें तर कोणताहि क्रम निघत नाहीं. लूट अशा वेळीं चक्र दाखवून हात टेकतें.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. क्रम लावल्यानें कोण जिंकणार हें ठरतें. हरणाऱ्याचें काम वांचत नाहीं. तें वांचवावयाचें तर दोन्ही नोंदी समोरासमोर ठेवून, याची किंमत आणि त्याचें वजन घेऊन तिसरी नोंद करावी लागते व ती सर्वांच्या शेवटीं चढवावी लागते. तिला ‘पॅच’, म्हणजे ठिगळ, म्हणतात. मुळा-मुठा म्हणावयाचें तें येथें. यासाठीं ‘एक्सएडिट’ नांवाचें साधन आहे. तें एकाच वस्तूच्या सर्व मॉडमधील नोंदी शेजारशेजारच्या रकान्यांत मांडतें आणि विरोध असेल तेथें रंग भरतें. तें पाहिलें आणि मला एकदम भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची आठवण झाली.

दापोडीहून फार दूर नसलेल्या या पुण्याच्या संस्थेनें १९१९ सालीं महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम हातीं घेतलें. महाभारत म्हणजे तरी काय? एका मूळ ग्रंथावर शतकानुशतकें असंख्य अनामिक हातांनीं चढविलेल्या जोडण्या. काश्मीरची प्रत एक सांगते, मलबारची दुसरें. डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर यांनीं १९२५ सालीं मुख्य संपादकाची धुरा घेतली. मोठ्या तक्त्यांवर श्लोकाचें एकेक अक्षर एकेका चौकोनांत लिहीत आणि त्याखालीं निरनिराळ्या हस्तलिखितांतील पाठभेद नोंदवीत. आदिपर्व १९३३ सालीं पुरें झालें. सुकथनकर १९४३ सालीं वारले. काम १९६६ सालीं तडीस गेलें. १,२५९ हस्तलिखितांचा त्यांत उपयोग झाला. त्यांचा निवाडा मला फार मोलाचा वाटतो. मागून आलेला श्लोक त्यांनीं मूळ संहितेंतून काढला, पण फेकून दिला नाहीं. तो तळटीपेंत किंवा परिशिष्टांत जपून ठेवला. व्यासांनीं सांगावें आणि गणपतीनें लिहावें, ही आपणां सर्वांची आवडती कथाहि मूळ संहितेंतून परिशिष्टांत गेली. तिचें स्थान बदललें, ती नाहींशी झाली नाहीं.

त्याच्याहि आधीं शके १५०६, म्हणजे सन १५८४ मध्यें, पैठणच्या एकनाथमहाराजांनीं ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. मूळ ग्रंथ १२९० सालचा. मधल्या तीनशें वर्षांत नकला करणाऱ्यांच्या हातून अपपाठ शिरले होते. नाथांनीं ते निवडून काढले आणि पुढें कोणी आपली ओंवी यांत घालूं नये असा कडक इशारा दिला. नाथ स्वतः थोर कवि होते. पण त्यांनीं आपली रचना ज्ञानदेवांच्या ग्रंथांत न मिसळतां एकनाथी भागवतासारख्या स्वतंत्र ग्रंथांत केली. मुळावर न लिहितां आपली फाइल वेगळी ठेवण्याचीच ही शिस्त नव्हे काय?

आतां नातवाच्या खटल्याचा निकाल सांगतों. नवा मॉड आम्ही नीट वाचून पाहिला. कर्त्यानें स्वच्छ लिहून ठेवलें होतें कीं, गांवांची पुनर्रचना करणारा दुसरा एखादा मॉड असेल तर हा त्याच्या वर ठेवावा. नातवाजवळ तसा मॉड होता, आणि त्यानें नवा तळाशीं ठेवला होता. दोन कारागिरांनीं एकाच भूमीची उंची निरनिराळी धरली होती. जमीन एकाची आणि घरें दुसऱ्याचीं, असा संसार झाला होता. पुढें चालू खेळांतून मॉड उपटल्यानें जतन केलेल्या खेळांत त्याच्या अर्धवट खुणा तेवढ्या राहिल्या. दोष त्या कर्त्याचा नव्हता, खेळाचाहि नव्हता. सूचना न वाचणाऱ्याचा होता. सुदैवानें चार महिन्यांची एक जुनी प्रत सांपडली. उरलेले तीन महिने गेले ते गेलेच.

मीं नातवास म्हटलें, “खेळ पुन्हां उभा राहील, पण त्या चार ओळींचें काय?” तो बराच वेळ गप्प होता. मग त्यानें स्वतःच क्षमापत्र लिहिलें. हे मॉड बहुतेक लोक मोबदल्यावांचून, रात्री जागून करतात. २०१५ सालीं ते पैशानें विकण्याचा एक प्रयोग स्कायरिमसाठीं झाला, पण गदारोळ उठून कांहीं दिवसांतच तो गुंडाळावा लागला. एकाचें काम दुसऱ्याच्या कामावर उभें असलें तर पैसा कोणाचा, हाहि तंटा त्यांत निघाला होता. अशा माणसाला आपण काय लिहितों याचा विचार हवा. चार दिवसांनीं त्याचें दोन ओळींचें उत्तर आलें. रागाचा शब्द नव्हता. दुसरा मॉड कोणता तें कळवावें, म्हणजे दोन्ही एकत्र नांदतील असें ठिगळ करून देतां येईल, एवढेंच त्यांत होतें.

आतां नातवानें आपल्या वहींत नियम लिहिले आहेत. आधीं कर्त्याची सूचना वाचावी. ज्यावर इतर अवलंबून तो मॉड आधीं, व्यापक बदल त्यामागून, एखाद्याच जागेचा बदल त्याच्याहि मागून आणि ठिगळें सर्वांच्या शेवटीं. एका वेळीं एकच नवा मॉड घालून पाहावा. त्याआधीं खेळाची प्रत काढून ठेवावी. चालू खेळांतून कांहीं उपटूं नये. शेवटचा नियम त्यानें माझ्या नकळत लिहिला आहे: बिघडलें तर पहिला दोष आपल्या यादींत शोधावा.

हीं वाक्यें वाचून मीं वही मिटली आणि संध्याकाळीं नेहमीप्रमाणें नदीकडे फिरावयास गेलों. त्या दिवशीं नातूहि बरोबर आला. संगमाजवळ उभें राहून त्यानें विचारलें, “आजोबा, यांतलें पवनेचें पाणी कोणतें?” तें मला दाखवितां आलें नाहीं, पण ती कोणत्या बाजूनें येते, तें मीं त्याला दाखविलें.