घेरा आणि शंभर मीटर

किल्ल्यालगतच्या जमिनीवर मालकास मन मानेल तसे बांधता येत नाही, हा निर्बंध १९५८ च्या प्राचीन स्मारकविषयक अधिनियमातून उद्भवला, असा समज सहज होतो. वस्तुतः मराठीत या जमिनीस फार पूर्वीपासून स्वतंत्र नाव आहे. ते नाव 'घेरा' हे होय. घेरा रसाळगड, घेरा सुमारगड, घेरा यशवंतगड ही रत्नागिरी जिल्ह्यातील ग्रामनामे त्याची साक्ष देतात. घेऱ्यातील वस्तीकडे गडाच्या परिसराची राखण असे आणि तिचा मोबदला जमिनीच्या व हक्कांच्या रूपाने मिळे.

या निर्बंधामागील हेतू अर्थातच लष्करी होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या आज्ञापत्रात गडाशेजारी त्यास मारा करील अशी उंच जागा नसावी, भोवतालची झाडी राखावी, दारूखाना घरांपासून दूर असावा, असा विचार आढळतो. मुंबईच्या इंग्रजांनी किल्ल्यापुढे तोफांच्या माऱ्यासाठी मैदान मोकळे ठेवले, तेही याच न्यायाने. आजचे ओव्हल व आझाद मैदान त्याचेच अवशेष होत.

आधुनिक कायद्याने हेतू बदलला, आणि मोजमापही. १६ जून १९९२ च्या अधिसूचनेने संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत 'प्रतिषिद्ध' आणि त्यापुढे २०० मीटरपर्यंत 'विनियमित' क्षेत्र ठरले. २०१० च्या दुरुस्तीने या मर्यादा अधिनियमातच समाविष्ट झाल्या. घेऱ्याची सीमा डोंगराच्या उतारावरून व गावाच्या शिवेवरून ठरे. नवी सीमा फितीने ठरते. परिणामी मालवणच्या सिंधुदुर्गाभोवतालचे वर्तुळ बहुतांशी पाण्यावरच पडते, तर विजयदुर्गास गाव लागूनच असल्याने तेथे ते घरांवर पडते. २०२५ साली हे दोन्ही किल्ले जागतिक वारशाच्या यादीत एकत्र आले. परंतु निर्बंधाचा भार त्यांच्या शेजाऱ्यांवर सारखा नाही.

खरी अडचण मात्र अंतराची नसून शब्दांची आहे. प्रतिषिद्ध क्षेत्रात १६ जून १९९२ पूर्वीच्या घराची 'दुरुस्ती व नूतनीकरण' परवानगीने करता येते. 'पुनर्बांधणी' करता येत नाही. ती, पूर्वीच्याच लांबी-रुंदी-उंचीच्या मर्यादेत का होईना, विनियमित क्षेत्रातच मान्य होऊ शकते. कागदावर हा भेद स्पष्ट आहे. कोकणातील घर मात्र एकदा बांधून संपत नाही. मृगापूर्वी छप्पर शाकारावे लागते, कुजलेला वासा बदलावा लागतो, मातीच्या लेपातील चिरे सुटले की भिंतीचा तेवढा भाग उतरवून पुन्हा रचावा लागतो. अशा रीतीने दोन पिढ्यांत सारे घर नवे होते, तरी घरचा माणूस त्यास 'डागडुजी'च म्हणतो. कायद्याच्या भाषेत या शब्दास प्रतिशब्द नाही. एक भिंत पडून पुन्हा उभारली तर ती दुरुस्ती, मग चारही पडल्या तर काय? सीमा कितव्या भिंतीपाशी आहे, हे व्याख्येवरून ठरत नाही. ते अर्ज तपासणाऱ्याच्या वाचनावर अवलंबून राहते, आणि तोवर पाऊस थांबत नाही.

२०१० च्या दुरुस्तीने प्रत्येक स्मारकासाठी स्वतंत्र वारसा-उपविधी करण्याची तरतूद केली आहे. जांभा, कौल व उतरते छप्पर यांविषयी स्थानिक शब्दांत बोलण्यास तेथे जागा आहे. तथापि उपविधी मूळ कलमाच्या पलीकडे जाऊ शकत नाहीत. शंभर मीटरांच्या आत पडलेले घर त्यांच्या आधारे पुन्हा बांधता येणार नाही.