जमीन मावळातली, करार इंग्रजीत: कायद्याची इंग्रजी वाचायला कसं शिकायचं?

समजा, लोणावळ्याजवळची वडिलोपार्जित जमीन विकायला काढली आहे. सातबारा मराठीत, फेरफार मराठीत. सहीसाठी समोर आलेला वीस-पंचवीस पानांचा करारनामा मात्र इंग्रजीत. घरात पदवीधर मुलगी आहे, तिला इंग्रजी येते. तरी दुसऱ्याच पानावर ती अडकते. असं का होतं?

कारण इथे ओळखीचे शब्दच वेगळ्या अर्थाने येतात. ‘कन्सिडरेशन’ म्हणजे विचार नव्हे, मोबदला. 1872 च्या भारतीय करार कायद्यात त्याची व्याख्याच दिली आहे. ‘इन्स्ट्रुमेंट’ म्हणजे दस्त आणि ‘एनकम्ब्रन्स’ म्हणजे बोजा, तोच जो सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात दिसतो.

म्हणजे निम्मं काम आधीच झालेलं आहे. सरकारी आदेशातलं ‘ज्याअर्थी... त्याअर्थी’ तुम्ही वाचलं असेल. करारातलं ‘व्हेअरॲज’ आणि ‘नाऊ देअरफोर’ तेच. त्यामुळे शब्दकोश पाठ करण्यापेक्षा जोडवाचन करा: एकच कलम आधी मराठीत, मग इंग्रजीत. केंद्रीय कायदे ‘इंडिया कोड’ या सरकारी संकेतस्थळावर मोफत मिळतात. संविधान मराठीतही उपलब्ध आहे आणि शब्दांसाठी भाषा संचालनालयाचा ‘न्याय व्यवहार कोश’ आहे.

सुरुवात अनुच्छेद 300-क पासून करता येईल. जमिनीशी थेट संबंध आहे आणि वाक्य एकच आहे: कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणाचीही मालमत्ता काढून घेता येणार नाही. यातल्या ‘शिवाय’साठी इंग्रजीत ‘सेव्ह’ आहे. शाळेत आपण त्याचा अर्थ ‘वाचवणे’ असा शिकलो!

पण खरा घोळ मोठ्या शब्दांत नसतो, जोडशब्दांत असतो. समजा, कलम 5 सांगतं की उरलेली रक्कम तीस दिवसांत द्यायची. त्याआधी ‘सब्जेक्ट टू क्लॉज 9’ असेल, तर कलम 9 वरचढ. तिथे ‘सर्व परवानग्या मिळाल्यावर’ लिहिलं असेल, तर तुमचे तीस दिवस विसरा. तिथेच ‘नॉटविथस्टँडिंग क्लॉज 9’ असेल तर उलट: कलम 9 मध्ये काहीही असलं तरी पैसे तीस दिवसांतच. म्हणून हे शब्द दिसले की पुढचं वाचू नका, आधी ते दुसरं कलम उघडा. ‘प्रोव्हायडेड दॅट’ म्हणजे ‘परंतु’. अपवाद बहुधा त्याच्यामागेच दडलेला असतो.

मग प्रत्येक वाक्यातलं क्रियापद शोधा आणि कोणी, काय, कधीपर्यंत करायचं हे आपल्या मराठीत लिहून काढा. ‘शॅल’ असेल तर करावंच लागेल, ‘मे’ असेल तर मर्जी. करारात पैसे देणाऱ्यासाठी ‘मे’ आणि ताबा देणाऱ्यासाठी ‘शॅल’ दिसलं, तर सही थांबवून विचारा.

1998 पासून महाराष्ट्रातल्या तालुका-जिल्हा न्यायालयांची भाषा प्रामुख्याने मराठी आहे. उच्च न्यायालयात मात्र अनुच्छेद 348 नुसार इंग्रजी. खासगी करार कुठल्या भाषेत करायचा, हे दोन्ही पक्षांनी ठरवायचं असतं. मराठी मसुदा मागायला लाजू नका.

आणि ‘इर्रिव्होकेबल पॉवर ऑफ अॅटर्नी’ हे शब्द दिसले, तर स्वतःच्या वकिलाकडेच जा, समोरच्याच्या नव्हे. हे सहजासहजी रद्द न होणारं कुलमुखत्यारपत्र. त्याने मालकी जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केलं आहे. पण तुमच्या वतीने खरेदीखतावर सही करण्याचा अधिकार त्यातून जाऊ शकतो.