आधी मेकॅनिकल, मग एरोस्पेस?

सीईटी आणि जेईईचे निकाल लागले की विमानांची किंवा रॉकेटची ओढ असलेल्या मुलामुलींना महाराष्ट्रात ठरलेला एक सल्ला मिळतो. क्लासचे सर देतात, आधी इंजिनिअर झालेला मावसभाऊ देतो, शेजारचे काका देतात. "पदवीला मेकॅनिकल घे, एरोस्पेस एम.टेक.ला करता येईल. मेकॅनिकल ही मोठी ब्रांच आहे, सगळीकडे चालते. एरोस्पेस घेतलंस तर इस्रो नाहीतर एचएएल, तिसरं दार नाही." सल्ला आपुलकीने दिलेला असतो, म्हणूनच त्याची तपासणी फारशी होत नाही. तो ज्या गृहीतकावर उभा आहे ते मला चुकीचे वाटते. या विषयात रुंदी पदवीत आहे आणि अरुंदपणा पदव्युत्तर शिक्षणात. सल्ला देणारे नेमके उलटे धरून चालतात.

पूर्वपक्ष कमकुवत करून मांडण्यात अर्थ नाही, त्याच्याकडे मातब्बर साक्षीदार आहेत. पुढे इस्रोचे अध्यक्ष झालेले सतीश धवन यांनी १९४५ मध्ये लाहोरहून मेकॅनिकलची पदवी घेतली. वायुगतिकीचे नामवंत अभ्यासक रोद्दम नरसिंहा मेकॅनिकलचे. तेजस या लढाऊ विमानाच्या आराखड्याचे नेतृत्व करणारे कोटा हरिनारायण बनारसहून मेकॅनिकल होऊन आले, आणि चांद्रयान-३ उतरले तेव्हा इस्रोचे अध्यक्ष असलेले एस. सोमनाथ यांची पहिली पदवी कोल्लमची, तीही मेकॅनिकलची. शिवाय इस्रोच्या केंद्रीय भरतीच्या जाहिरातीत पदवीधरांसाठी प्रामुख्याने इलेक्ट्रॉनिक्स, मेकॅनिकल आणि कॉम्प्युटर याच शाखा दिसतात. इतके पुरावे समोर असताना अठरा वर्षांच्या मुलाने वेगळा मार्ग का धरावा, हा प्रश्न रास्त आहे.

आता हे साक्षीदार एकेक करून तपासू. धवन लाहोरात शिकत होते तेव्हा या देशात विमानविद्येची पदवी घ्यायची सोयच नव्हती. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९४२ च्या डिसेंबरात एरोनॉटिकल विभाग सुरू झाला, तोही पदवीधरांसाठी. त्याची धुरा वाहिली कोल्हापूरकडच्या विष्णु माधव घाटगे यांनी. ते गॉटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली डॉक्टरेट करून आले होते. १९५१ मध्ये उडालेले एचटी-२ हे प्रशिक्षण विमान त्यांच्याच आराखड्याचे. मराठी वाचकांना हे नाव आज फारसे ठाऊक नसावे, याची खंत वाटते. मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी उभी राहिली १९४९ मध्ये, म्हणजे धवन पदवीधर झाल्यावर चार वर्षांनी. भौतिकशास्त्राची पदवी असलेले कलाम एरोनॉटिकल शिकायला तिथेच गेले, आणि पुढे इस्रोचे अध्यक्ष झालेल्या के. सिवन यांनी १९८० मध्ये पदवी घेतली ती तिथूनच, एरोनॉटिकलची. धवन यांनी मेकॅनिकल निवडले म्हणण्यापेक्षा त्यांच्यापुढे तेवढेच होते म्हणणे खरे. त्यानंतर मिनेसोटा आणि कॅलटेकमध्ये १९५१ पर्यंत ते वैमानिकीच शिकले.

सोमनाथांना हे उत्तर लागू होत नाही, हे मान्य. त्यांच्या वेळी पर्याय होते, तरीही ते मेकॅनिकलमधून बंगळूरला गेले आणि शिखरावर पोचले. त्या वाटेने जाता येते, याबद्दल वाद नाहीच. वाद आहे तो त्या वाटेने जाताना काही गमवावे लागत नाही या समजुतीशी.

काय गमवावे लागते, हे पाहायचे तर एम.टेक.ची रचना पाहावी. आयआयटी मुंबईत एरोस्पेसच्या एम.टेक.ला चार विशेष शाखा आहेत: एरोडायनॅमिक्स, डायनॅमिक्स आणि कंट्रोल, प्रोपल्शन, स्ट्रक्चर्स. विद्यार्थी त्यांतली एक धरतो. दोन वर्षांतला मोठा भाग प्रबंधात जातो, आणि प्रबंध हा त्या एका शाखेतल्याही एका प्रश्नावर असतो. मेकॅनिकलमधून थेट प्रोपल्शनला आलेला विद्यार्थी ज्वलनाचा उत्तम जाणकार होईल. पण विमानाची स्थिरता कशावर ठरते, पातळ पत्र्याचे पंख वाकतात कसे आणि पिळवटतात कसे, याच्याशी त्याची गाठ पडेलच असे नाही. चारही विषय एका वर्गात, एकाच विद्यार्थ्याच्या डोक्यात शेजारी शेजारी बसतात ते फक्त पदवीच्या वर्षांत.

ते शेजारी बसणे महत्त्वाचे का, हे शेवटच्या वर्षाच्या विमान-आराखड्याच्या प्रकल्पात कळते. समजा, इंधन वाचवायचे म्हणून पंखांचा विस्तार १० टक्क्यांनी वाढवला. वेग आणि वजन तेच राहिले तर लिफ्टपोटी (विमान उचलून धरण्यापोटी) पडणारा ड्रॅग, म्हणजे हवेचा विरोध, सुमारे १७ टक्क्यांनी घटतो. एरोडायनॅमिक्सचा विद्यार्थी इथे खूश होऊन थांबेल. पण पंख लांबला की मुळाशी येणारे वाकण वाढते, म्हणून स्पार, म्हणजे पंखाचा कणा, जाड करावा लागतो, वजन वाढते, ते उचलायला अधिक लिफ्ट लागते आणि वाचवलेल्या ड्रॅगचा काही भाग परत येतो. लांब पंख जास्त लवचीक असतो. ठरावीक वेगापुढे वारा आणि पंखाची थरथर एकमेकांना खतपाणी घालू लागतात. यालाच फ्लटर म्हणतात आणि त्याने पंख तुटू शकतो. ते टाळायला आणखी वजन, नाहीतर कंट्रोलची वेगळी मांडणी. शिवाय विमान कूस हळू बदलते. आणि हे सगळे जमले तरी विमानतळावर ते उभे कुठे करायचे? बोइंग ७७७-एक्सच्या पंखांची टोके जमिनीवर दुमडावी लागतात ती याच कारणाने. उघडे पंख जवळजवळ ७२ मीटरचे आणि त्या वर्गाच्या विमानांसाठी जागेची मर्यादा ६५ मीटर. एका आकड्याला हात लावला की उरलेले सगळे हलतात. गणित पुन्हा पहिल्यापासून मांडायचे, वजन जुळेपर्यंत.

याच्या जोडीला दुसरी शिस्त आहे, ती म्हणजे चुकीला जागा न ठेवण्याची. भार उचलणाऱ्या क्रेनचा तारदोर सहसा अपेक्षित भाराच्या पाचपट ताकदीचा घेतात. जमिनीवर जादा पोलाद परवडते. प्रवासी विमानाच्या रचनेला नियम आहे दीडपटीचा: आयुष्यात येऊ शकणाऱ्या सर्वांत मोठ्या भाराच्या दीडपट भार तिने तीन सेकंद पेलला पाहिजे. २००६ मध्ये तुलूझला एअरबस ए-३८०चा पंख चाचणीत १.४५ आणि १.५ पट यांच्या दरम्यान मोडला. तेवढ्या फरकासाठी त्याला जागोजागी बळकटी द्यावी लागली. आकडेमोड इतकी काटेकोर असावी की पंख ठरल्या जागी, ठरल्या भाराच्या आसपासच मोडावा, ही सवय मेकॅनिकलच्या सर्वसाधारण अभ्यासक्रमात लागत नाही. तिथल्या बहुतेक यंत्रांना तिची गरजच नसते.

राहिला प्रश्न "सगळीकडे चालण्याचा". चाकणच्या मोटार कारखान्यांत मेकॅनिकल इंजिनिअर गाडीच्या सांगाड्याचे विश्लेषण ज्या फायनाइट एलिमेंट पद्धतीने करतात, तिचा एक प्रमुख उगम विमानाच्या पंखात आहे. बर्कलीत सिव्हिल शिकवणारे रे क्लफ १९५२ च्या उन्हाळ्यात बोइंगमध्ये गेले. तिथे प्रश्न होता त्रिकोणी पंखाच्या ताठरपणाचा. त्यातून टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप यांचा १९५६ चा निबंध आला, आणि पुढे नासाने याच पद्धतीची नॅस्ट्रान ही संगणक-प्रणाली करवून घेतली. सदोष मापनांतून खऱ्या स्थितीचा अंदाज बांधणारा कालमन फिल्टर १९६० चा. त्याचा पहिला मोठा कस लागला अपोलो यानांच्या मार्गदर्शनात, आज तो फोनच्या नकाशात आणि ड्रोनमध्ये आहे. १९४० मध्ये टॅकोमाचा झुलता पूल वाऱ्याने पडला तेव्हा चौकशीला वैमानिकीचे आचार्य थिओडोर फॉन कारमान होते. तेव्हापासून मोठ्या पुलांचे नमुने विंड टनेलमध्ये तपासले जातात. ज्या शाखेची हत्यारे मोटारीपासून पुलापर्यंत पोचली, तिच्या पदवीधराला "तिसरं दार नाही" म्हणणे वस्तुस्थितीला धरून नाही.

इथल्या कामाचेही तसेच आहे. नाशिकजवळच्या ओझरला १९६४ पासून लढाऊ विमानांचा कारखाना आहे. इस्रोच्या रॉकेटांचे मोटर-कवच इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला होते, विकास इंजिने विक्रोळीला गोदरेजमध्ये. २०२० मध्ये अवकाशक्षेत्र खासगी उद्योगांना खुले झाले. नोव्हेंबर २०२२ मध्ये स्कायरूटचे विक्रम-एस आणि मे २०२४ मध्ये अग्निकुलचे रॉकेट उडाले. इस्रोच्या भरतीचा मुद्दा मात्र खरा आहे आणि तो लपवू नये. एरोस्पेस घेणाऱ्याला तिरुअनंतपुरमची आयआयएसटी हा इस्रोचा सरळ रस्ता आहे. २००७ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेतून ठरावीक गुण राखणाऱ्यांना इस्रो घेते. इतर संस्थांमधून जाणाऱ्याने पदवीच्या बळावरच इस्रोत जाता येईल असे धरून चालू नये.

रूढ सल्ला एका ठिकाणी बरोबर आहे, आणि तिथे मी त्याच्या बाजूने उभा राहीन. ज्या कॉलेजात चालू विंड टनेल नाही, इंजिनाची चाचणी कधी होत नाही आणि आराखड्याचा प्रकल्प म्हणजे जुन्या अहवालाची नक्कल आहे, तिथल्या एरोस्पेसपेक्षा चांगल्या सरकारी कॉलेजातले मेकॅनिकल निःसंशय बरे. काही पालक विमान-देखभालीचा अभ्यासक्रम आणि ही पदवी एकच समजून पैसे भरतात. तो अभ्यासक्रम डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) परवान्यासाठी असतो, त्यातून विमान उडण्यास योग्य आहे असे प्रमाणित करणारे तंत्रज्ञ घडतात. काम जबाबदारीचे आहे, पण वेगळे आहे. म्हणून कॅप राउंडचा पर्याय भरण्याआधी कॉलेजात जाऊन तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलांना भेटावे. विंड टनेल शेवटचा कधी चालला, त्यात त्यांनी स्वतः कशाचे मापन केले, आराखड्याच्या प्रकल्पात वजन किती वेळा पुन्हा मांडावे लागले, हे विचारावे. उत्तरे देताना मुले आपापल्या चुकांबद्दल तपशिलाने बोलू लागली, तर तो अर्ज निर्धास्तपणे भरावा.