वास्तूचें दर्शन व वास्तूचें स्वामित्व

जुन्या वास्तूचें छायाचित्र घेण्यास कोणाची परवानगी लागते, हा प्रश्न इतिहाससंशोधकांपुढें वारंवार येतो. रस्त्यावर उभें राहून वाड्याच्या दर्शनी भागाचें चित्र घेणाऱ्यास मालक हटकतो. उलटपक्षीं, देवडीच्या आंत एकदां पाऊल पडलें कीं सर्व कांहीं टिपण्याची मुभा मिळाली, असें कित्येक छायाचित्रकार समजतात. आमच्या मतें या दोनही समजुती निराधार आहेत. त्या कां निराधार आहेत, हें येथें थोडक्यांत मांडण्याचें योजिलें आहे.

हा वाद केवळ कायद्याच्या काथ्याकुटाचा नाहीं. पुण्याचा शनिवारवाडा १८२८ सालीं जळाला. छायाचित्रणाची विद्या १८३९ सालीं जगापुढें आली. या अकरा वर्षांच्या अंतरामुळें आंतील महालांचें एकही छायाचित्र असणें शक्य नाहीं. मेजर रॉबर्ट गिल यानें अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या रंगीत प्रती वर्षानुवर्षें खपून तयार केल्या. त्यांपैकीं बहुतेक १८६६ सालीं लंडनजवळील क्रिस्टल पॅलेसच्या आगींत नष्ट झाल्या. त्याच गिलनें घेतलेलीं लेण्यांचीं छायाचित्रें मात्र १८६४ सालीं फर्ग्युसनच्या मजकुरासह ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालीं होतीं, म्हणून तीं टिकलीं. वास्तु एकच असते, छायाचित्राच्या प्रती अनेक होतात. अर्थात् छायाचित्रास केलेली अकारण मनाई ही पुराव्याचीच हानि होय.

विवादाचा उलगडा होण्यास प्रथम तीन अधिकार वेगळे काढिले पाहिजेत. पहिला, वास्तु योजणाऱ्या स्थपतीचा, म्हणजे कॉपीराइट. दुसरा, जमीन व इमारत ज्याची त्या मालकाचा. तिसरा, सार्वजनिक जागेवरून पाहणाऱ्याचा. पहिला अधिकार कालमर्यादित आहे. भारतांत तो सामान्यतः कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनीं संपतो. पेशवाईंतील वाड्यांस त्याची बाधा नाहीं. दुसऱ्याची व्याप्ति मात्र नीट तपासली पाहिजे. विज्ञानेश्वरानें मिताक्षरेंत स्वत्व हें लौकिक ठरविलें आहे. तें शास्त्रवचनावरून नव्हे, तर लोकव्यवहारावरून कळतें. तोच न्याय लावून विचारावें कीं, घर विकत घेणारा काय काय विकत घेतो? भिंती, दारें, अंगण, आणि आंत कोणास येऊं द्यावें हें ठरविण्याची सत्ता. समोरच्या रस्त्यानें जाणाऱ्याची दृष्टि खरेदीखतांत कोणी लिहून घेत नाहीं.

फ्रान्सांतील न्यायालयांस या निर्णयाप्रत येण्यास वेळ लागला. नॉर्मंडींतील बेनूव्हील येथील गोंद्रे यांचें उपाहारगृह हें जून १९४४ मध्यें फ्रान्समध्यें मुक्त झालेलें पहिलें घर म्हणून प्रसिद्ध आहे. त्याच्या चित्राचीं पोस्टकार्डें विकलीं गेलीं, तेव्हां तेथील सर्वोच्च दिवाणी न्यायालयानें १० मार्च १९९९ रोजीं मालकाच्या बाजूनें निकाल दिला. वास्तूचा छायाचित्ररूपानें व्यापार करणें म्हणजे मालकाच्या उपभोगांत हात घालणें होय, असें ठरलें. पुढें रूआँ शहरांतील जिराँकूर हवेलीचें प्रकरण आलें. शेजारीं घरें बांधणाऱ्या मंडळीनें या ऐतिहासिक हवेलीचें चित्र आपल्या जाहिरातपत्रकांत छापलें होतें. ७ मे २००४ रोजीं त्याच न्यायालयाच्या पूर्णपीठानें मालकाचा दावा फेटाळला. वस्तूच्या प्रतिमेवर मालकाचा अनन्य अधिकार नाहीं. प्रतिमेच्या उपयोगानें त्यास असाधारण उपद्रव होत असेल, तरच त्यानें हरकत घ्यावी, असा तो निर्णय आहे.

उभें राहण्याच्या जागेचें महत्त्व मात्र जर्मनीच्या दोन निकालांवरून कळतें. व्हिएन्ना येथील हुंडर्टवासर या कलावंताच्या नांवानें प्रसिद्ध असलेल्या घराचें चित्र समोरच्या इमारतीच्या वरच्या मजल्यावरील बिऱ्हाडांतून घेऊन जर्मनींत विक्रीस ठेविलें होतें. जर्मन कायदा रस्त्यावरून दिसणाऱ्या बाह्यांगाचें चित्र घेऊं देतो. परंतु ही मोकळीक परक्या माडीवरून दिसणाऱ्या देखाव्यास लागू नाहीं, असें २००३ सालीं ठरलें. येथें स्थपतीचा अधिकार जिवंत होता. फ्रेडरिक दुसरा यानें १७४५ ते १७४७ या काळांत पॉट्सडॅम येथें बांधविलेल्या साँसूसी प्रासादाविषयीं कॉपीराइटचा प्रश्नच नव्हता. तरीही आवारांत शिरून घेतलेल्या चित्रांचा व्यापार रोखण्याचा अधिकार मालक असलेल्या संस्थेस आहे, असें १७ डिसेंबर २०१० रोजीं ठरलें. बाहेरून घेतलेल्या चित्रांवर तिची सत्ता चालत नाहीं.

आमच्याकडील १९५७ चा कायदा याहून उदार आहे. त्याच्या ५२ व्या कलमान्वयें वास्तुकृतीचें छायाचित्र घेणें व प्रसिद्ध करणें हा कॉपीराइटचा भंग होत नाहीं. तेथें उभें राहण्याच्या जागेची अट नाहीं. मूर्तिशिल्पास मात्र तें सार्वजनिक ठिकाणीं अथवा लोकांस प्रवेश असलेल्या जागेंत कायमचें असावें, अशी अट आहे. परंतु हें कलम स्थपतीच्या अधिकारापुरतें बोलतें. मालकाचा उंबरठा ओलांडण्याचा परवाना त्यांतून मिळत नाहीं. पोथ्यांचा संग्रह करणाऱ्या वाचकांस हा भेद परिचित आहे. दप्तर बांधून ठेवण्याची सत्ता पोथीच्या मालकास असते, म्हणून तो पोथींतील ग्रंथाचा कर्ता होत नाहीं.

तात्पर्य, रस्त्यावरून दिसतें तें टिपण्यास संशोधकानें भिऊं नये. मात्र तेथून दुर्बिणीच्या भिंगानें कोणाचें माजघर टिपणें हें वास्तुदर्शन नव्हे. आंत जावयाचें असल्यास लेखी परवानगी घ्यावी, व चित्र अभ्यासासाठीं आहे कीं विक्रीसाठीं, हें तींत स्पष्ट करून घ्यावें. प्रत्येक चित्रामागें तारीख, वास्तूचें नांव आणि उभें राहण्याची जागा नोंदवावी; वाद उपस्थित झाल्यास हीच नोंद साक्ष देईल, आणि वास्तु पडल्यावर तिच्या रचनेचा विचार करणाऱ्यासही तीच उपयोगीं पडेल. वाड्यांच्या मालकांसही आमची विनंती आहे कीं, दाराशीं आलेल्या अभ्यासकास परत लावण्यापूर्वीं त्यांनीं शनिवारवाड्याचें स्मरण करावें.